ताकदवान गाडीला टायर कोणते घ्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय. १८० हॉर्सपॉवर, आणि ती सगळी पुढच्या दोन चाकांवर. राहायला पुण्यात, महिन्यातून एकदा तरी ताम्हिणीतून कोकणात उतरणं होतं आणि वर्षातून दोनदा नागपूरला सासरी. टायरचे तीन सेट झाले. पहिला गाडीबरोबर आलेला, दुसरा पैसे वाचवायला घेतलेला, तिसरा अक्कल आल्यावर घेतलेला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि चहाच्या टपरीवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

गाडीत १५०-२०० हॉर्सपॉवर आहे. म्हणजे परफॉर्मन्स टायर घ्यायलाच हवेत का?

दिवसभरात पूर्ण ताकद किती वेळा वापरता ते आठवून बघा. ओव्हरटेक करताना चार-पाच सेकंद. ब्रेक मात्र दिवसाला दोनशे वेळा दाबता. ताकदवान गाडी बघता बघता शंभरच्या पुढे जाते आणि मग समोर रिक्षा आडवी येते, तेव्हा इंजिनाचा काही उपयोग नसतो. तिथे कामाला येतात ते टायरचे रस्त्याला टेकणारे चार ठसे, प्रत्येकी साधारण तळहाताएवढे.

तेव्हा हो, चांगले टायर हवेत. पण ‘परफॉर्मन्स’ या शब्दाखाली तीन वेगळ्या जाती येतात. टूरिंग म्हणजे शांत, टिकाऊ, बऱ्यापैकी पकड. स्पोर्ट म्हणजे मऊ रबर, ताठ साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), ओल्या-कोरड्या दोन्ही रस्त्यांवर घट्ट. तिसरी सेमी-स्लिक, ट्रॅकसाठी बनवलेली आणि कायद्याने रस्त्यावर चालणारी. आपल्याकडच्या नव्वद टक्के लोकांनी पहिल्या दोनमधून निवडावं. तिसरीबद्दल पुढे बोलतो.

साइडवॉलवर २२५/४५ आर१७ ९४डब्ल्यू एक्सएल लिहिलंय. यातलं मला काय बघायचंय?

२२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिमी. आर म्हणजे रेडियल, १७ इंचांचा रिम. ९४ हा लोड इंडेक्स, एका टायरला ६७० किलो. ९१ असता तर ६१५. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमीपर्यंत. एक्सएल म्हणजे जास्त हवेच्या दाबावर जास्त वजन पेलणारा, मजबूत केलेला टायर.

लोक रुंदी आणि रिम बघतात, लोड इंडेक्स कोणी बघत नाही. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या चार पेट्या आणि लोड इंडेक्स दोन पायऱ्यांनी कमी, अशा गाड्या मे महिन्यात रत्नागिरीहून निघतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकर असतो. त्यावरच्या आकड्याच्या खाली जायचं नाही, विषय संपला.

समृद्धीवरसुद्धा मर्यादा १२० आहे. मग डब्ल्यू कशाला? एच घेतला तर पैसे वाचतील.

एच २१० पर्यंत, व्ही २४० पर्यंत, डब्ल्यू २७०, वाय ३००. तुम्ही २१० ने जाणार नाही हे मान्य. पण वेगाची ही चाचणी मुळात उष्णता सहन करण्याची चाचणी आहे. वरच्या अक्षराच्या टायरमध्ये सहसा आतल्या पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचं आवरण जास्त चांगलं असतं, साइडवॉल ताठ असते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच ऐकते. त्यातून कंपनीने गाडीला जे अक्षर दिलंय त्यापेक्षा कमी बसवलं, तर अपघातानंतर विमा सर्व्हेयरला विचारायला एक प्रश्न तुम्हीच हातात दिलात.

ट्रेडवेअर २४०, ३२०, ५०० याचा अर्थ किती हजार किलोमीटर?

किलोमीटर नव्हेच. टायर किती हळू झिजतो याची, अमेरिकेतल्या नियमासाठी एका प्रमाण टायरला १०० धरून केलेली तुलना आहे ती, आणि आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला ठीक. एका कंपनीचा ३२० आणि दुसरीचा ३४० यांत काही अर्थ काढू नका. ढोबळ अंदाज असा: दोनशेच्या आसपास किंवा खाली म्हणजे ट्रॅककडे झुकलेला, तीनशेच्या आसपास स्पोर्ट, चारशे-पाचशे टूरिंग.

त्याच ओळीत ट्रॅक्शनचं एए, ए, बी असं अक्षर असतं. ते फक्त ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरवलेलं असतं. वळणावर टायर कसा वागेल हे त्यात येत नाही. फक्त आपल्या बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच टायरवर ही ओळ नसतेच.

पावसाळ्यात कसे टायर हवेत?

खरा प्रश्न हाच आहे. माझं मत ठाम आहे: टायर निवडताना सगळ्यात वेगवान रस्ता डोळ्यांसमोर आणू नका, सगळ्यात ओला आणा.

माझा दुसरा सेट टूरिंगपेक्षाही खालचा, कडक रबराचा होता. दुकानदार म्हणाला, “साहेब, साठ हजार कुठे गेले नाहीत.” खोटं बोलला नाही. चाळीस हजार किलोमीटरनंतरही नक्षी, म्हणजे टायरवरच्या खाचांची खोली, पाच मिमी होती. त्या जुलैत मुळशी धरण मागे टाकून ताम्हिणीत शिरलो. धबधब्यापाशी लोक फोटो काढत होते, रस्त्यावरून चॉकलेटी पाणी आडवं वाहत होतं. वेग चाळीस-पंचेचाळीस. डावं वळण, हलकासा ॲक्सिलरेटर, आणि पुढची चाकं नुसती गरगर फिरली. स्टिअरिंग हलकं झालं, लोण्यात सुरी फिरवावी तसं. गाडी सरळच निघाली. समोर कठडा होता, आणि त्याच्या अलीकडे दोन हात मोकळी जागा होती म्हणून हे लिहितोय. बायको माणगावपर्यंत एक शब्द बोलली नाही.

यात दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. मी अनुभवली ती रबराची पकड. कडक रबर ओल्या, गुळगुळीत डांबराच्या बारीक खाचांमध्ये बसत नाही, मग नक्षी कितीही खोल असो. स्पोर्ट टायरच्या रबरात सिलिका जास्त असते ती याचसाठी. दुसरी गोष्ट म्हणजे गाडी पाण्यावर तरंगणं. तिथे काम करते नक्षीची खोली, हवेचा दाब आणि वेग. टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल याचं, विमानांच्या टायरसाठी नासाने काढलेलं एक जुनं सूत्र आहे: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये (म्हणजे ताशी सागरी मैलांत). ३२ पीएसआयला ते ताशी ९४ किमीच्या आसपास येतं, २४ पीएसआयला ८२. मोटारीच्या चांगल्या नक्षीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, पण दिशा तीच: हवा कमी असेल तर गाडी लवकर तरंगते. आणि टायर जितका रुंद तितकं त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणून २४५ बसवून पावसात मिरवणाऱ्यांनी एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यात जरा बेतानं.

कायद्याने नक्षी किमान १.६ मिमी हवी. खाचांमध्ये ज्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात त्या त्याच उंचीच्या. माझ्यासाठी मर्यादा तीन मिमी, आणि मे अखेरीस तीनच उरली असेल तर पावसाची वाट न बघता बदलतो.

आणि उन्हाळ्यात, समृद्धीवर?

नागपूर ते मुंबई ७०१ किमी, बराचसा काँक्रीट, सरळ, आणि वाटेत टायरला दम खायला जागा नाही. मे महिन्यात विदर्भात पारा ४४-४५ वर असतो, रस्ता त्याहून कितीतरी तापलेला. टायर फुटतो तो बहुतेक वेळा उष्णतेने, आणि ती उष्णता बहुतेक वेळा हवा *कमी* असल्याने तयार होते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, वाकून तापतो, तापून आतले थर सुटतात. ‘उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी ठेव’ हा सल्ला देणारे काका प्रत्येक पेट्रोल पंपावर असतात. ऐकू नका.

दाब थंड टायरला मोजायचा, सकाळी निघण्यापूर्वी. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. सकाळी ३४ भरून निघालात आणि दुपारी ३८-३९ दिसलं तर हवा सोडायची नाही. टायर बनवणाऱ्याने ही वाढ धरलेली असते. गाडी पूर्ण भरलेली असेल तर स्टिकरवर त्यासाठी वेगळा, जास्तीचा आकडा असतो. तो वापरा.

२०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासून, घासून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. लोक चिडले. मला तर हे बरंच वाटलं.

१६ चे काढून १७ किंवा १८ इंची आलॉय बसवू का?

आधी गणित. २०५/५५ आर१६ चा बाहेरचा व्यास ६३२ मिमी. २२५/४५ आर१७ चा ६३४. २२५/४० आर१८ चा ६३७. तिन्ही जवळजवळ सारखे, त्यामुळे स्पीडोमीटर आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) कुरकुरणार नाहीत. बदलते ती साइडवॉल: ११३ मिमीवरून १०१, तिथून ९०. दिसायला गाडी झकास होते, वळणावर झुकणं कमी होतं. पण खड्डा आला की त्या नव्वद मिलिमीटरमध्ये सगळं सोसायचं असतं.

पुण्यातल्या एका मित्राने १८ इंची बसवले. पहिल्या पावसाळ्यात दोन टायरच्या साइडवॉलला टेंगळं आली, एक रिम वाकला. टेंगूळ म्हणजे आतले धागे तुटलेत. त्याला दुरुस्ती नाही, टायर फेकायचा. माझ्या मते आपल्या रस्त्यांवर या वर्गातल्या गाडीला १७ ही शहाणपणाची हद्द आहे, आणि १६ वर उत्तम टायर हे १८ वरच्या मध्यम टायरपेक्षा रोज चांगले.

बसवायचेच असतील तर रिमची रुंदी, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो ते), बोल्टच्या वर्तुळाचं माप आणि मधल्या भोकाचा व्यास हे चारही बघा. स्कोडा-फोक्सवॅगनला ५ बाय ११२, म्हणजे ११२ मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि मधलं भोक ५७.१ मिमी. भोक मोठं असेल तर मधे रिंग लागते. ती नसली तर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही उगाच चार वेळा बॅलन्सिंग करत बसता. मॅन्युअलमध्ये कंपनीनेच दिलेल्या पर्यायी मापांत राहिलात तर पुढे कोणाशी वाद नाही.

पुढचे दोनच घासलेत. दोनच बदलले तर?

चालेल, पण नवीन दोन मागे बसवा. हे ऐकून प्रत्येक जण भांडतो, ‘ताकद पुढे, स्टिअरिंग पुढे, मग नवे मागे कशाला?’ पुढची पकड सुटली तर गाडी वळत नाही, सरळ जाते, ते लगेच कळतं आणि पाय आपोआप वर येतो. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ओल्या रस्त्यावर ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर मात्र चारही टायर एकाच मेकचे, एकाच मॉडेलचे आणि जवळपास सारख्या खोलीचे हवेत. व्यासात फरक पडला की मधली यंत्रणा सतत घासत राहते, आणि तिचं बिल चार टायरपेक्षा मोठं येतं.

शेवटी कंपनी कोणती?

भारतात मनासारखा टायर मिळणं हीच अर्धी लढाई. आयएसआय शिक्का बंधनकारक आहेच, त्यात जून २०२० मध्ये टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘निर्बंधित’ यादीत गेली. तेव्हापासून नेमक्या मापात नेमकं मॉडेल मिळवायला वाट बघावी लागते. म्हणून आधी आपल्या मापात आज काय उपलब्ध आहे ते बघा, मग त्यातून निवडा. परदेशी चाचण्या वाचून मन लावून बसाल आणि तो टायर इथे येतच नसेल.

मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ मिळाला तर स्पोर्टमध्ये माझी पहिली पसंती तोच, सध्या गाडीवर तोच आहे. ओल्यात त्याची पकड सुटताना आधी सांगून सुटते, ही त्याची मोठी गोष्ट. चार टायरना साठ हजारांच्या आसपास गेले, घरी थोडे कमी सांगितले. अपोलोने २००९ मध्ये डच व्रेडेस्टाइन विकत घेतली, तिची अल्ट्रॅक मालिका याच वर्गातली, नक्की बघण्यासारखी. रोज शंभर किमी हायवे असेल आणि घाटात शर्यत लावायची नसेल तर काँटिनेंटलचा अल्ट्राकाँटॅक्ट यूसी६ किंवा योकोहामाचा ॲडव्हान डीबी, दोन्ही टूरिंगकडे झुकलेले. डीबी तर नावाप्रमाणे शांत.

सेमी-स्लिक, उदाहरणार्थ ट्रेडवेअर १८० चा पायलट स्पोर्ट कप २, हा कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी. त्याची नक्षी उथळ, तो तापल्याशिवाय पूर्ण पकड देत नाही. लोणावळ्याच्या पावसात त्याचं काम नाही.

दुकानदार जुना माल देतो का?

बघून घ्या. साइडवॉलवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. एका बाजूला पूर्ण ओळ असते, दुसऱ्या बाजूला अर्धीच, म्हणून आकडे दिसले नाहीत तर टायर उलटा करून बघा. मी सव्वा वर्षापेक्षा जुना घेत नाही. कधीही न वापरलेला आणि सावलीत ठेवलेला टायर वर्षभरात बिघडत नाही, पण नव्या किमतीत जुना का घ्यायचा?

एकदा चारपैकी तीन टायर ताजे आणि चौथा तीन वर्षांपूर्वीचा निघाला. मालक म्हणाले, “स्टेपनीला टाका की.” स्टेपनी वेगळ्या मापाची होती. आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनंतर मी टायर ठेवत नाही. रबर कडक होतं, आणि कडक रबराचं काय होतं ते वर सांगितलंच.

रनफ्लॅट काढून साधे बसवू का?

बीएमडब्ल्यूवाल्यांचा हमखास प्रश्न. रनफ्लॅटची साइडवॉल इतकी जाड असते की हवा गेली तरी ताशी ८० ने साधारण ८० किमी जाता येतं. त्याची किंमत कडक चालीत आणि जास्त पैशांत मोजावी लागते. साध्यावर गाडी मऊ होते, पण बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. पंक्चर किट आणि बारका कॉम्प्रेसर डिकीत ठेवायची तयारी असेल तर बदला. रात्री एकटं, लहान मुलांसह प्रवास करणाऱ्यांनी रनफ्लॅटच ठेवावेत.

पंक्चर काढला तर वेगात धोका?

खिळा नक्षीच्या मधल्या पट्ट्यात आणि भोक सहा मिमीच्या आत असेल तर दुरुस्ती होते. बाहेरून दोरी खुपसणं म्हणजे घरी पोहोचण्यापुरता उपाय. कायमचं करायचं तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावायचा. खांद्याला किंवा साइडवॉलला भोक असेल तर ‘होऊन जाईल साहेब’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला.

नायट्रोजन?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळाला तर घ्या. महिन्याला दाब मोजणं जास्त महत्त्वाचं.

इलेक्ट्रिक गाडीला हेच नियम?

हेच, फक्त जास्त कडक. चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्रा बीई ६ च्या वरच्या मॉडेलला २१० किलोवॉट ताकद मागच्या चाकांवर, तीही पाय ठेवल्याक्षणी, आणि वर बॅटरीचं वजन. अशा गाडीत लोड इंडेक्सशी तडजोड अजिबात नको. सिग्नलवर दर वेळी पाय दाबलात तर मागचे टायर डोळ्यांदेखत घासतील. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा आवाजही जास्त जाणवतो, म्हणून काही टायरच्या आत फोम चिकटवलेला असतो. पंक्चरवाल्याला तो आधी सांगा, नाहीतर तो घाबरतो.

मी जर्मनीत नोकरीला आहे. तिथे काय?

स्टुटगार्ट, म्युनिकहून हा प्रश्न दरवर्षी येतो. साधारण सात अंशांखाली उन्हाळी स्पोर्ट टायरचं रबर ताठरतं. बर्फ, चिखलबर्फ असताना हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर डोंगर-हिमकणाचं चिन्ह लागतं, नुसतं एम+एस (चिखल-बर्फाची जुनी खूण) चालत नाही. तिथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशेब ठेवतात. दुसरा सेट स्वस्त, एक इंच लहान रिमवर ठेवा. आणि ऑटोबानवर जाणार असाल तर वरचं वेगाचं अक्षर तुमच्यासाठी खरोखरचं आहे, आमच्यासारखं कागदी नाही.

नवीन टायर बसवले. आता?

पहिले दोन-तीनशे किमी सबुरीने, साच्यातला निसरडा थर जाईपर्यंत. अलाइनमेंट त्याच दिवशी करा, कारण टो (चाकांचा आत-बाहेर कल) थोडी जरी बिघडली असेल तरी मऊ रबर आतल्या कडेने दोन-चार महिन्यांत संपतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. दुकानातला मुलगा हवेच्या गनने बोल्ट आवळून मोकळा होईल. त्याला टॉर्क रेंच आणायला सांगा. माझ्या गाडीला १२० न्यूटन मीटर. शंभर किमीनंतर पुन्हा एकदा तपासून घ्या.

आणि दुकानातून निघण्याआधी चारही चाकांभोवती फिरून या. असमान नक्षीच्या टायरवर ‘आउटसाइड’ असं लिहिलेलं असतं, ते बाहेर दिसायला हवं. मला ते रविवारी गाडी धुताना समजलं. तीन चाकांवर आउटसाइड, आणि चौथ्यावर, फेस पुसला तेव्हा, ‘इनसाइड’.